खुनी वकीलच असणार

आमच्या राळेगावच्या घरात दिवाळीनंतर समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असायचा. भाव चढेपर्यंत विकायचा नाही, म्हणून. आम्ही पोरं त्या ढिगात कंबरेपर्यंत रुतून बसायचो, बाबा खुर्चीत आणि दाराशी आमचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. आम्ही त्याला काका म्हणायचो. संध्याकाळी बाबा जुन्या मासिकांच्या जाडजूड बांधीव गठ्ठ्यातून खुनाच्या गोष्टी वाचायचे. अहाहा, काय ते दिवस! अंगाला खाज सुटायची, पण उठेल तो गाढव.

बाबांच्या गोष्टींतले खुनी मोठे सभ्य असत. बहुतेक वेळा वकील, नाहीतर डॉक्टर, नाहीतर अत्तर लावणारा जहागीरदार. एकदा तर तपास करणारा इन्स्पेक्टरच खुनी निघाला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काहीही लिहितात मेले!" खरा खुनी गोड बोलतो, हे मी तिथंच शिकले. पुढं कॉलेजात मराठी शिकवताना पोरांनाही तेच ठासून सांगत आले.

यंदा वाचनालयात जुन्या कथांतल्या खुन्यांवर बोलायचं होतं. बाबा गेल्यानंतर तो गठ्ठा मी पहिल्यांदा स्वतः उघडला आणि डोकंच फिरलं. वकील कुठंच नाही! एका गोष्टीत खुनी घरगडी, दुसरीत माळी, पुढच्या गोष्टीत 'काळाकभिन्न, तिरळा, रानटी' नोकर. या लिहिणाऱ्यांना दुसरं कुणी सुचतच नव्हतं का? इतका संताप आला की गठ्ठा आपटलाच मी. मग ते दार आठवलं आणि दाराशी बसलेले काका. काका कोलाम आदिवासी, रंगानं काळे, एका डोळ्यानं तिरळे. बाबा वाचता वाचता मध्येच अडायचे, चष्मा पुसायचे. आम्हाला वाटायचं, उत्सुकता ताणायला थांबतात.

काका आता केळापूरकडं लेकीजवळ राहतात. भाषणाला जाताना वाटेत त्यांना भेटायला उतरले. पिशवीतला गठ्ठा त्यांनी लगेच ओळखला.

"वाच नं माय एखांदी."

छापलंय तसं वाचलं, तर बाबांनी इतकी वर्षं यांच्यापासून जे लपवलं, ते मीच यांच्या तोंडावर मारणार. तरी वाचायला घेतलं. खुन्याचं वर्णन आलं तशी अडखळले, घसा खाकरला आणि बेधडक वकील घुसवला.

काका बोळकं पसरून हसायला लागले. "तुहे बाबा बी येथंच अटकत होते."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"माह्या पोरीनं तवाच वाचून दाखोलती मले. तुमच्याच घरून आनलं होतं तिनं पुस्तक."

"मग बाबांना बोलले काहून नाही?"

"कायले बोलू? मानूस माह्यासाठी रोज नवा खुनी शोधून राह्यला, त्याले कायले थांबवू?" त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "पाडव्याले साल संपे. दुसरे लोक कामाले बोलवाले येत, यंदा आमच्याकडं ये म्हनत. मी मनात म्हनो, तुमच्या घरच्या गोष्टीत खुनी कोन असते, ते सांगा आधी."