त्या सभेत कुणाचा हात वर होता

“त्या सभेत सरांना प्रशिक्षकपदावरून काढायला सगळ्यांचे हात वर गेले होते. एकच हात खाली राहिला, तो मधुकाकांचा. पहिल्या दिवसापासून सरांच्या पाठीशी उभा राहिलेला तो एकमेव माणूस...” खाडीकाठ फुटबॉल संघाचा चिटणीस किरण याने मधुकर गुप्ते यांच्या शोकसभेत उच्चारलेली ही वाक्ये आहेत. त्याच्यानंतर जो जो बोलायला उठला त्याने हीच वाक्ये थोडी अधिक ओलसर करून पुन्हा वाढली. मी पहिल्या रांगेत होतो. माझी पाळी आली तेव्हा मोजके बोलून खाली बसलो, कारण शोकसभेत वाद घालू नये एवढी रीत मला कळते. परंतु शोकसभेला आता महिना उलटला आहे, आणि हीच वाक्ये फलकावर कोरून तो मैदानाच्या फाटकाशी लावण्याचे घाटत आहे. दगडावर चढलेले असत्य खरवडता येत नाही. म्हणून ते चढण्याआधी लिहितो आहे. किरणचे विधान मधूबद्दल खोटे आहे आणि माझ्याबद्दलही खोटे आहे, कारण ‘सगळ्यांचे हात’ या शब्दांत माझाही हात येतो.

मधू गेल्याचे मला फोनवरच्या संदेशातून कळले. हे मी मुद्दाम नोंदवतो. कोपरच्या एकाच इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्यावर, असे आम्ही चाळीस वर्षे राहिलो. त्या सकाळी डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, आणि मालतीवहिनींनी आज झाडलोट काढलेली दिसते असे मनाशी म्हणत मी चहा पीत होतो. तेवढ्यात संघाच्या गटावर किरणचा संदेश आला... ‘आपले लाडके मधुकाका’. मी तसाच वर गेलो तर दार किरणने उघडले. “या नाना,” तो म्हणाला. माझ्या मित्राच्या घरात मला ‘या’ म्हणणारा हा कोण? वहिनी नंतर म्हणाल्या, “भावोजी, तुम्हालाच आधी हाक मारणार होते. पण किरण म्हणाला, नानांना रक्तदाब आहे, त्यांना एकदम सांगू नका.” माझ्या रक्तदाबाची एवढी काळजी असलेल्या माणसाने तो संदेश मला वगळून पाठवायला हवा होता.

असो. मधू कसा होता ते सांगतो, कारण शोकसभेत ज्याचे वर्णन झाले तो गृहस्थ माझ्या परिचयाचा नाही. तो शांत नव्हता, समंजस नव्हता आणि संयमी तर मुळीच नव्हता. दूध उतू जाईपर्यंतही त्याला धीर निघत नसे. बुटका, ठेंगणा बांधा, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला तो पंचांशी भांडू लागला की खाडीकडच्या टोकाला मला शब्द न् शब्द ऐकू येई. कारण आम्ही सामना कधीच एकत्र पाहिला नाही. तो आपल्या गोलपोस्टच्या मागे उभा राही आणि मी प्रतिस्पर्ध्यांच्या. मध्यंतरात संघ बाजू बदलत, तसे आम्हीही बदलत असू आणि मधल्या रेषेपाशी आमची गाठ पडे. “काय दत्ता, झोप झाली का?” तो विचारी, कारण आपले गडी माझ्या बाजूला क्वचितच फिरकत. मी म्हणे, “तुझ्याकडे वर्दळ फार होती, त्या आवाजाने जाग आली.” एवढे बोलून दोघे पुढे.

अशा त्या हरण्याच्या दिवसांत रुझारिओ सर प्रशिक्षक म्हणून आले. वर्तकनगरहून स्कूटरवरून, शीळफाट्याच्या कोंडीतून वाट काढत ते येत, आणि तरीही मैदानावर सर्वांच्या आधी हजर असत. पहिले काही आठवडे त्यांनी चेंडूला जवळजवळ हातच लावू दिला नाही. बचावफळीतल्या चौघांच्या कमरेला त्यांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधली आणि त्यांना एका ओळीत पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे चालवू लागले. एकजण जरी चुकीच्या वेळी पळाला तरी बाकीचे तिघे ओढले जात, धडपडत. मधू कुंपणापाशी उभा राहून ओरडे, “सर, उद्या गळ्यात घंटाही बांधा! म्हणजे संध्याकाळी घरी सापडतील!” सर मागे वळून हसत आणि म्हणत, “बांधू या हं.” आणि पुन्हा दोरी सरळ करत.

त्या काळात सरांच्या बाजूने बोलणारा मी एकटा होतो. माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. नवी जलवाहिनी सुरू केली की नळातून आधी हवा येते, मग लाल गढूळ पाणी येते, आणि मग स्वच्छ. हवा येत असतानाच लोक कार्यालयात येऊन तोंड सोडतात, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. सामन्यानंतर चहाच्या टपरीवर आमची जी चिकित्सा चाले तिच्यात मी सांगे, “थांबा. अजून हवाच येते आहे.” त्यावर मधू सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारी, “दत्ता, तुझ्या खात्याचं पाणी आपल्या इमारतीला कधी वेळेवर आलं होतं, ते आधी सांग!” टपरी हसे. चहावाला हसे. त्या हसण्यात किरणचा आवाज सर्वांत मोठा असे, हेही नोंदवून ठेवतो.

मग ती सभा झाली. गणेशोत्सव मंडळाच्या सभागृहात ठराव आला की सरांना निरोप द्यावा. हात वर करून मते घेतली गेली आणि ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. त्या हातांविषयी शेवटी लिहितो. तो ठराव सरांना कळवण्याची कामगिरी किरणवर सोपवली गेली. तो मैदानावर गेला तेव्हा सरांनी “बरं झालं आलास” म्हणून दोरीचे एक टोक त्याच्या हाती दिले, आणि तो ते धरून सकाळभर उभा राहिला. दुसऱ्यांदा गेला तेव्हाही तेच झाले. दरम्यान दुसरा प्रशिक्षक काही मिळेना. अशा रीतीने सर राहिले. कुणाच्या श्रद्धेमुळे राहिले नाहीत, निरोप पोचला नाही म्हणून राहिले... इतिहास हा असा आहे.

आता मधूचे मन कसे पालटले ते. कल्याणच्या एका दांडग्या संघाशी सामना होता. माझ्या टोकाला नेहमीप्रमाणे शुकशुकाट होता. त्या टोकावरून मला दिसली ती फक्त दूरवर हलणारी चार माणसांची ओळ, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मधूने मात्र ती पाठीमागून पाहिली. कल्याणचे दोन आघाडीवीर पुढे येणाऱ्या पाससाठी धावत सुटले की आपले चौघे, कुणी कुणाला हाक न मारता, एकाच क्षणी एक पाऊल पुढे टाकत, आणि ते दोघे ओळीपलीकडे, ऑफसाइड सापडत. पुन्हा तेच झाले. पुन्हा तेच. मध्यंतरात मधल्या रेषेवर गाठ पडली तेव्हा मी टोमण्याची वाट पाहत थांबलो. टोमणा आलाच नाही. मधू हलक्या आवाजात म्हणाला, “दत्ता, दोरी नाहीये रे... पण आहे.”

“मी इतके दिवस काय सांगत होतो?” मी म्हणालो. तोवर तो पुढे गेला होता.

सामना बरोबरीत सुटला. मधू मैदान ओलांडून निघाला तेव्हा मला वाटले, हा माझ्याकडे येतो आहे. दोन शब्द मान्य करील. तो माझ्या अंगावरून सरांकडे गेला आणि म्हणाला, “सर, घरी चला. वालाचं बिरडं आहे.” मधूच्या तोंडून ‘चुकलो’ हा शब्द मी आयुष्यात ऐकला नाही. बिरडे हेच त्याचे ‘चुकलो’ होते. पण ते त्याने सरांना वाढले. मला नाही.

तेव्हापासून दर रविवारी खाली स्कूटर थांबे आणि जिन्यात पावले वाजत. ती माझ्या दारावरून वर जात. ज्याने या माणसाला आल्या दिवसापासून जपले त्याचे दार दुसऱ्या मजल्यावर होते, आणि ज्याने घंटा बांधायला सांगितले त्याच्याकडे पंगत मांडली जात होती. बिरड्याचा वास खाली उतरे तेव्हा आमची ही म्हणे, “तुम्हीही जा की वर. मधूभावोजी जिन्यातून हाका मारतात तुम्हाला.” मी म्हणे, “जिन्यातून ओरडणं याला बोलावणं म्हणत नाहीत.” वर हसणे चाले, आणि मी दूरदर्शनचा आवाज वाढवी.

संघ सुधारत गेला, तो कुणाच्या ध्यानात येणार नाही अशा गतीने. पहिल्या हंगामात आम्ही सडकून हरत असू. दुसऱ्यात थोडक्यात हरू लागलो, मग बरोबरी साधू लागलो. ही प्रगती मोजायची कशी यावर टपरीवर वाद होई. कुणी गोल मोजी, कुणी गुण. मधूने आपले माप काढले होते, आणि ते सर्वस्वी त्याचे होते; मी चोर नाही, जे त्याचे ते त्याला देतो. तो सामन्यानंतर गोलरक्षकाची चड्डी पाहत असे. पहिल्या वर्षी आमचा गोलरक्षक मैदानाबाहेर येई तेव्हा खाडीतून उपसून काढल्यासारखा दिसे. वर्षागणिक चिखल कमी होत गेला. शेवटी एका सामन्यानंतर मधू भर टपरीत त्याला उभा करून चारी बाजूंनी फिरवू लागला. “बघा, बघा! हिला आज धुवायचीसुद्धा गरज नाही!” तो मुलगा लाजून म्हणाला, “काका, आई पण हेच बोलली.” त्याच हंगामात आम्ही जिल्ह्याच्या वरच्या गटात गेलो.

त्या यशाच्या सत्कारसमारंभात किरणने हाताची गोष्ट पहिल्यांदा सांगितली आणि मधूला शाल घातली. मी मधूकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले, मिश्किल हसला आणि नारळ स्वीकारला. परतताना जिन्यात मी विचारले, “शाल चांगली आहे. हात खाली ठेवल्याबद्दल मिळाली ना?”

“जळतोस?”

“हो, जळतो.”

“मग जळ. थंडी आहे, ऊब येईल,” असे म्हणत त्याने ती शाल माझ्या अंगावर टाकली आणि कठड्याला धरून वर गेला. मी ती दुसऱ्या दिवशी इस्त्री करून परत पाठवली.

शेवटच्या आजारात त्याचे खाली उतरणे थांबले. मग मात्र मी बोलावण्याची वाट पाहिली नाही. खिडकीतून मैदानाचा एक तुकडा दिसे, तेवढ्यावरून तो सबंध सामन्याचा निकाल सांगे आणि बहुधा चुकीचा सांगे. किरण तिथे पुष्कळदा बसलेला असे. एके दुपारी तो नव्हता. मी म्हणालो, “मधू, त्याला एकदा खरं काय ते सांगून टाक.”

“कशाचं खरं?”

“हाताचं.”

तो हसला, हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, आणि मी पाणी दिले. “मी कशाला सांगू? मला कुणी फुकट चांगलं म्हणत असेल तर मी त्याचं तोंड धरू? तूच लिही, मी गेल्यावर. हौस आहे तुला.” मग पेला माझ्या हाती परत दिला. “आणि नीट लिही. सरांना मी काय काय बोलायचो तेही लिही. नाहीतर लोकांना वाटेल, मी तुझ्यासारखाच होतो. जन्मापासून शहाणा.”

फलकवाल्यांनी या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. धीर धरणे माझ्या स्वभावातच होते, त्यात माझे कर्तृत्व काही नाही; आणि तरीही त्याचे श्रेय मला हवे आहे, हे मी लपवत नाही. मधूला मात्र धीर शिकावा लागला, तोही उतारवयात, ज्याची चेष्टा केली त्याच्याच हाताखाली. तुमचा फलक त्याच्याकडून नेमके तेच हिरावून घेतो आणि माझ्याजवळ होते ते त्याला चिकटवतो. एका फटक्यात दोघांना लुबाडल्यासारखे झाले हे.

गेल्या आठवड्यात मी किरणला हे सांगितले. तो म्हणाला, “नाना, मीच मोजायला उभा होतो ना! तुमचा हात वर होता, मी स्वतः बघितलेला. मधुकाकांचा नव्हता. आता जाऊ द्या ना, कशाला उगाच...” त्याच्या डोळ्यांना मी दोष देत नाही. माझा हात वर होता. त्या वर्षी मधूचा उजवा खांदा आखडला होता. शर्टाची बाही चढवायलाही त्याला वहिनी लागत. ठराव मताला आला तेव्हा तो माझ्या शेजारच्या खुर्चीत तळमळत होता. मी म्हणालो, “डावा कर.” तो माझ्यावर खेकसला, “डाव्या हाताने मत देतात होय रे? जरा धर वर!” तेव्हा मी, ज्या ठरावाच्या विरुद्ध होतो त्याच ठरावासाठी, माझ्या या थोराड पंजात त्याची मूठ पुरती झाकून घेतली, वर उचलली, आणि मोजणी संपेपर्यंत खाली येऊ दिली नाही.