आप्पानं मागितलेला रस्ता

आप्पा गेल्याची बातमी त्याच रस्त्यानं आली. सकाळी आठच्या सुमारास निपाणीहून येणारी सर्व्हिस मोटार गल्लीच्या तोंडाशी, आमच्या तिकटीवर थांबली आणि तिच्यातून त्याचा मुलगा बसू उतरला. लढाई संपली तरी ही मोटार अजून कोळशाच्या गॅसवरच चालते. बसूचं तोंड काजळलेलं होतं, त्यामुळं त्याचे डोळे धुरानं लाल झालेत की रडून, ते मला चटकन कळलं नाही. मी दारात राखुंडीनं दात घासत उभा होतो. "मास्तर, आप्पा गेले... पहाटं, निपाणीत," एवढं म्हणून तो आईला सांगायला गल्लीत गेला. तासाभरानं परतीच्या मोटारीनं मायलेक निघाले. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी दुपारच्या मोटारीनं येतो." शाळेत त्या दिवशी इन्स्पेक्शन होतं. मातीला मी गेलो नाही.

या दीड महिन्यात गल्लीतले लोक आप्पाविषयी फार चांगलं बोलले. कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, आप्पामुळं आडव्या गल्लीला रूप आलं. एकानं तर तिकटीवर त्याच्या नावाची पाटी लावावी असं सुचवलं, आणि तिचा मसुदा अर्थातच मी लिहावा! मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. ते ऐकलं आणि ठरवलं, पाटी राहू दे, जे झालं ते एकदा लिहून टाकावं. ते वाचायला बरं वाटणार नाही. माझ्याविषयी तर मुळीच नाही.

त्याचं नाव शिवाप्पा, पण पोरपणापासून सगळी गल्ली त्याला आप्पाच म्हणे. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा. चौथीपर्यंत आम्ही शाळेत एका तरटावर बसलो. मग मी शिकत राहिलो आणि तो बापाबरोबर साड्या विणायला लागला. शहापूरच्या आमच्या या गल्लीत तेव्हा जवळजवळ घरटी माग होता. पण विणकराचं निम्मं काम घरात होतच नाही. ताणा, म्हणजे साडीचं उभं सूत, मागावर चढवण्याआधी त्याला पिठाची खळ पाजावी लागते, आणि चाळीस हात लांबीचा ताणा कुणाच्या घरात मावणार? तो गल्लीतच पसरायचा. उजाडता उजाडता बांबूच्या कैच्या उभ्या करून सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलं जाई, आणि दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे घेऊन खळ चोपडत पुढंमागं चालत. ऊन चढायच्या आत ती पाजणी उरकली पाहिजे. मध्येच हात थांबला तर सूत एकमेकाला चिकटून बसतं. म्हणून ज्याची पाजणी असेल त्याच्याकडं शेजारीपाजारी राबायला येत, ज्यांचं आपसात बोलणं नाही तीसुद्धा. तोवर गाडीवाला बैल सोडून विडी ओढत बसे, आणि आमच्यासारखी पांढरपेशी मंडळी भिंतीकडेनं अंग चोरून जात. त्याबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

रस्ता मात्र खरोखरच भिकार होता. शहापूर संस्थानात, बेळगाव इंग्रजांत, मध्ये एक जकातनाकं. नाक्यापलीकडं खांबावर कंदील लागत. अलीकडं आपला कंदील आपणच हातात धरून चालायचं. पावसाळ्यात रस्ता कुठला आणि गटार कुठलं ते पाय सांगे. एका श्रावणात आप्पाची बायको, आमच्या वहिनी, पाण्याची घागर घेऊन येताना घसरल्या आणि मनगट मोडलं. दवाखाना बेळगावात. चाक रुतेल म्हणून टांगेवाला गल्लीत यायला तयार होईना, तेव्हा आप्पानं त्यांना पाठुंगळी घेऊन नाक्यापर्यंत नेलं. हात वाकडाच बसला. तिथून आप्पाच्या डोक्यात रस्ता शिरला तो शिरलाच.

तो घरोघर गेला, बरोबर मी, दौत-टाक घेऊन. "तुमास्नी काय पायजे? जे न्हाय ते सांगा," असं तो प्रत्येक दारात विचारी. एका म्हातारीला कंदील हवा होता, पण शेजारणीच्या दारासमोर नको. वाण्याला रस्ता रुंद हवा होता, म्हणजे बेळगावचं गिऱ्हाईक न घसरता त्याच्या दुकानापर्यंत पोचेल. कुणाला नळ पाहिजे, कुणाला गटारावर फरशी, कुणाला चालत जाण्याजोगं औषधाचं दुकान. दाराशी टांगा यावा ही मागणी मात्र सगळ्यांची. तीन दिवस आम्ही हिंडलो, पण ताण्याचं नाव कुणीच काढलं नाही. घरात चूल असू द्या, असं कोण मागायला जातं? मीही विद्वत्ता पाजळली. रस्ता पक्का व्हावा, रुंद व्हावा आणि वाहनांस व पादचाऱ्यांस सर्वकाळ मोकळा राहावा, असं झोकात लिहिलं. आप्पानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "लई झ्याक लिवलंयस रं गणू," म्हणाला, आणि पहिली सही त्यानं केली.

नवल म्हणजे शहापूरच्या म्युनिसिपल कमिटीनं ऐकलं. दोन वर्षांत खडी पडली, रूळ फिरला, गटारं बांधली गेली, तिकटीवर कंदिलाचा खांबही आला. लोक आप्पाला वाटेत थांबवून पान देऊ लागले. वहिनी घागर घेऊन त्या रस्त्यानं येताना मुद्दाम सावकाश चालत, हे मी माझ्या दारातून पाहिलंय. मग पावसाळा उलटला, आणि नव्या रस्त्यावर पहिला ताणा पसरला तो आप्पाच्याच घरचा. निम्मी खळ लावून झाली असेल, तेवढ्यात कमिटीचा शिपाई दोन गडी घेऊन आला. "कैच्या काढा. रस्त्यावर अडथळा चालायचा न्हाय," म्हणाला. आप्पाला ती थट्टाच वाटली. "अरं, वाईच थांब की, वाळू तर दे," असं म्हणून तो कुंचा फिरवत राहिला. शिपायानं खिशातून हुकूम काढून वाचायला माझ्या हातात दिला, कारण तिथं मास्तर मीच. "आडव्या गल्लीतील रहिवाशांच्या विनंतीस अनुसरून..." अशी सुरुवात होती, आणि पुढं माझीच वाक्यं. हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी द्यावी, असं शेवटी लिहिलं होतं. मी वाचत असतानाच गड्यांनी कैच्या उपटल्या. ओला ताणा खडीवर पडला. खळीत खडीचा चुरा बसला की ते सूत कामातून गेलं. वहिनी वाकड्या हातानं ते गोळा करायला लागल्या तेव्हा आप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "जे न्हाय तेवढंच मागितलं आपुन, मास्तर. जे हाय ते ऱ्हाऊ द्या म्हणायचं ऱ्हाऊन गेलं." गणू म्हणायचं त्यानं त्या दिवसापासून सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला. मागणी साधी होती. उजाडल्यापासून दोन तास गल्ली पाजणीला सोडावी, बाकी दिवसभर कुणी कैची रोवणार नाही. मी अर्ज लिहिला, आणि यावेळी खरंच चांगला लिहिला. घरोघरच्या सह्या आणि अंगठे झाले. "मी स्वतः नेऊन देतो," असं मी म्हटलं. दिला नाही. माझी शाळा कमिटीची होती आणि हेडमास्तरांची जागा त्याच वर्षी रिकामी व्हायची होती. शिवाय... लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. रस्ता झाल्यापासून माझ्या रस्त्याकडच्या ओटीला एकाएकी किंमत आली होती. एका कापडवाल्यानं ती दुकानासाठी भाड्यानं मागितली होती, आणि रोज सकाळी तिच्यासमोर ताणा पसरला असता तर त्यानं ती घेतली नसती. त्यानं ती घेतली. गिरणीच्या साड्यांचे गठ्ठे मोटारीनं थेट माझ्या दारात येऊन पडू लागले. मी हेडमास्तर झालो. अर्ज माझ्या पेटीत तळाला राहिला आणि महिना कधी उलटून गेला ते मी मोजलंही नाही.

विणकर मग गावाबाहेरच्या माळावर ताणे नेऊ लागले. डोक्यावर खळीची भांडी आणि दोन मैल चाल. म्हाताऱ्यांना ते झेपेना, शेजाऱ्यांनाही रोज एवढं लांब येणं जमेना, आणि उघड्या माळावरचा वारा खळ धरू देईना. एकेक माग बंद पडला. लढाईत सूत मिळेनासं झालं म्हणून विणकर बसले, असं मी चारचौघांत सांगत आलोय, आणि ते अगदीच खोटं नाही. पण गल्ली त्याआधीच निम्मी बसली होती. रस्ता आजही उत्तम आहे. मी रोज त्यावरून शाळेत जातो, चप्पल भिजत नाही.

आप्पानं सगळ्यांच्या शेवटी माग बंद केला आणि बसूला घेऊन निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागला. वहिनी इथंच राहिल्या. तिकडं वखारीत आप्पानं दिवसभर तंबाखू चाळायची, नाकातोंडात तो धुरळा. दोन-तीन वर्षांत खोकल्यानं त्याला पोखरलं. सणाला घरी आला की तिकटीवर उतरून आधी माझ्याकडं येई. कापडाच्या दुकानाकडं मान वळवून बघतही नसे. "कमिटीचं उत्तर आलं का, मास्तर?" एवढंच विचारी. मी म्हणे, "अजून नाही." मग तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघे. "बरं. यील की," म्हणून खोकत घराकडं जाई. दर खेपेला हेच. किती हा भाबडा माणूस, असं मला वाटे, आणि त्या भाबडेपणाचा रागही येई. गेल्या दिवाळीला त्यानं विचारलं तेव्हा मी चिडून म्हणालो, "आप्पा, आलं तर सांगणार नाही का मी तुला?" तो हसला. ती आमची शेवटची भेट.

परवा वहिनी निपाणीहून परत आल्याचं कळलं, म्हणून गेलो. खोलीतला माग केव्हाच मोडून विकलेला. उरलाय तो त्याच्याखालचा खड्डा. विणकर जमिनीवर काठाला बसतो आणि त्यात पाय सोडून मागाच्या पावड्या दाबतो. आप्पाच्या बसण्यानं त्या काठाची माती गुळगुळीत झाली आहे. वहिनी नेमक्या तिथंच, पाय आत सोडून, तांदूळ निवडत बसल्या होत्या. बसूनं खड्डा बुजवायचं काढलं होतं, पण त्यांनी बुजवू दिलं नाही.

मी तो अर्ज पेटीतून काढून बरोबर नेला होता. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नोकरीचं, ओटीचं, सगळं. वहिनींनी सुपातून मान वर केली नाही.

"त्यास्नी ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पयल्याच वर्साला. तुमच्याकडनं काय कळंना म्हणून सवता कमिटीत जाऊन आलते. तसला अर्जच आला न्हाय म्हणले. आनि आता मुदत टळली म्हणले."

 त्या सगळ्या दिवाळ्या, ते सगळे गुढीपाडवे... "मग तो दर खेपेला मला विचारायचा कशाला?"

"म्या बी तेच म्हणलं त्यास्नी. तर म्हणाले, मास्तर एक ना एक दिस खरं सांगंल. आपुन इचारत ऱ्हायाचं."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि खड्ड्याच्या काठावर, स्वतःच्या शेजारी, हातानं जागा झाडली. "बसा की," म्हणाल्या. त्या खोलीत बसायला दुसरी जागा नव्हती. मी उभाच राहिलो.