हिरीच्या दोन गाठी

वेवजी गावच्या हिरीचा अंगठा म्हणजे काय चीज होती! बोर्डीजवळच्या वाडीत तीस वर्षं तिने चिकू निवडले. अंगठा नुसता टेकवला की निकाल लागे. कडक फळ खोक्यात, ते दिल्लीपर्यंत टिकतं. मऊ फळ बाजूला, ते शेजारची दहा नासवतं. तिच्या निवडीपुढे वाडीचा शेठसुद्धा तोंड उघडत नसे.

घरी मात्र तोंड उघडायला माणूसच नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी भाकर भाजायची, खायची आणि पडायचं, एवढाच संसार.

तिच्या दंडावर गाठ आली. मऊ, बोटाखाली इकडून तिकडे सरकणारी. चिकू निवडायच्या शेडमधल्या बाया चिडवायच्या, "हिरीला चिकू लागला गं!" हिरी हसायची, पण आतून तिची पाचावर धारण बसलेली. मऊ म्हणजे नासणार, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शेवटी एक दिवस खाडा करून ती डहाणूच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी गाठ चिमटीत धरून हलवली. "चरबीची आहे, मावशी. काही करणार नाही ती. अजून कुठे आहे?"

हिरीचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात ती बोलून गेली, "छातीत हाय एक, वरीस झालं. पन ती चांगली हाय. दगडावानी कडक. दुखत नाय, जागची हलत नाय."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी पडदा ओढला, तपासलं. अशी कडक, न दुखणारी, एका जागी रुतलेली गाठच जास्त संशयाची. पण नुसत्या हाताला खात्रीने कळत नाही, सुईने तपासावं लागतं, असं त्यांनी समजावलं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर होता.

"उपचार आहेत, मावशी. पण मुंबईला जावं लागेल. सोबत कोण येईल?"

हिरी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. वर्षभर रोज आंघोळीच्या वेळी तिने ती गाठ चाचपली होती आणि रोज चांगली म्हणून सोडून दिली होती. घरात कुणी असतं तर जेवता जेवता विषय निघाला असता. एकदा दाखवून ये, एवढं तरी कुणी म्हणालं असतं. तिला रडू फुटलं.

"कोणीच नाही?" बाईंनी हळूच विचारलं.

"काय सांगू, बाई," हिरी पदराने डोळे पुसत म्हणाली, "अजून कुठं हाय, असं ईचारनारं पयलं मानूस तुमीच."