कपाटातला बल्ब

काकी गेली हे मला बसमध्ये कळलं. कॉलेज दुबई सिलिकॉन ओएसिसला, घर शारजात रोल्लाला. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती तेव्हा गावाहून काकांचा व्हॉइस मेसेज आला. आवाज नेहमीसारखाच, हुकूम वाचून दाखवल्यासारखा. "बाय, काकी सकाळी गेली. त्रास झाला नाही. उद्या तुझा पेपर आहे, तो द्यायचा." तो मेसेज मी अजून दुसऱ्यांदा ऐकलेला नाही… पेपर मात्र दिला.

काकी माझ्या नात्यातली नव्हती. एका फ्लॅटमध्ये आमची एक खोली आणि त्यांची एक, स्वयंपाकघर दोघांत मिळून. माझे बाबा जबल अलीला गोदामात कामाला, तर काका नौदलातून निवृत्त होऊन तिथल्याच बंदरात, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर. आम्ही राहायला आलो त्या दिवशी आईला काकीच्या कपाटातून उजेड येताना दिसला. आत, घड्या केलेल्या कपड्यांच्या खालच्या कप्प्यात, एक छोटा बल्ब जळत होता. विसरला असेल म्हणून आईनं बंद केला, तर काकीनं येऊन पुन्हा लावला. निकोबारला नौदलाच्या क्वार्टरमध्ये सगळेच असा बल्ब ठेवायचे म्हणे, नाहीतर त्या दमट हवेत काकांच्या युनिफॉर्मच्या बुटांवर चार दिवसांत बुरशी चढायची. बाबा हसून म्हणाले, "वहिनी, इथं वाळवंट आहे." त्यावर काकी म्हणाली, "ऑगस्टात सांगा." ऑगस्टात आमच्या बॅगांना वास यायला लागला, तेव्हा बाबा मुकाट्यानं आमच्या कपाटासाठी बल्ब आणि होल्डर घेऊन आले.

त्या बेटाबद्दल ती बोलायची ते एखाद्या शेजारणीबद्दल बोलावं तसं. समुद्र खवळला की जहाज यायचं नाही, जहाज नाही की बटाटा नाही. मग दुधाच्या पावडरचा चहा आणि नारळात शिजवलेली मासळी, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. बुटात पाय घालण्याआधी बूट आपटायचा, कारण आत गोम असायची. दाराशी चपला आणि टॉर्च कायम तयार, कारण जमीन कधी हलेल सांगता यायचं नाही. काका बोटीवर गेले की महिना महिना पत्ता नसायचा. सगळ्या बायकांचं तेच. कुणी पंजाबची, कुणी ओडिशाची, कुणी केरळची… नात्याचं जवळ कुणीच नाही, म्हणून त्यांनी आपल्या नवऱ्यांची पद्धत उचलली होती. बोटीवर ड्यूटी बदलताना नुसतं उठून जायचं नसतं. येणाऱ्यानं ताबा घेतला असं तोंडानं म्हणायचं, मगच जाणाऱ्यानं जागा सोडायची. तसंच एखादी बाळंतपणाला निघाली की घराची किल्ली शेजारणीच्या हातात देऊन म्हणायची, "चार्ज तेरा." शेजारणीनं म्हणायचं, "चार्ज मेरा." मग घर, मूल, तुळस, सगळं तिचं. उत्तर आल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

हे तिनं रोल्लातही चालू ठेवलं होतं. किल्लीला करवंटीचा एक घासलेला तुकडा बांधलेला असायचा. एकदा भाजीला जाताना तिनं ती बाबांच्या हातात दिली. बाबा मोबाइलमध्ये बघत "हो हो" म्हणाले. काकीनं किल्ली काढून घेतली आणि भाजीची पिशवी बाबांच्या हातात दिली. त्या दिवशी भाजी बाबांनी आणली.

मी सेकंड इयरला असताना बाबांना कंपनीनं कामगारांच्या कॅम्पवर राहायला हलवलं. तिथं कुटुंब नेता येत नाही. आई धाकट्या भावाला घेऊन गावी जाणार हे ठरलं, आणि मीही जाणार हे न बोलता ठरलं. आमच्या घरात कॉलेज म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे अर्धं सोडलं तर काय बिघडतं हेही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मांडता येत नव्हतं. काकीनं बाबांना चहा दिला आणि सांगितलं, "पोरीला मधेच उठवायचं नाही. तिचा चार्ज द्या माझ्याकडे." बाबांनी चहा संपवला. मग हळूच म्हणाले, "चार्ज तेरा, वहिनी." हिंदीतच म्हणाले, नियम मोडू नये म्हणून. "चार्ज मेरा," म्हणत काकीनं रिकामा कप उचलला.

पुढचं दीड वर्ष मी तिच्या खोलीत, त्या कपाटाशेजारी गादी घालून राहिले. मग तिचं दुखणं निघालं. उपचार कोल्हापूरला करायचे ठरले, काकांनी नोकरी सोडली, तिकिटं आली. माझे शेवटचे काही महिने राहिले होते. काकी मात्र बॅग भरेना. शेवटी समोरच्या फ्लॅटमधली जेसी, केरळची नर्स, माझ्यासोबत काकीच्या खोलीत राहायला तयार झाली. दारात उभी राहून ती "चार्ज मेरा, आंटी" म्हणाली, तेव्हा कुठं काकीनं साड्या काढल्या.

निघताना खाली टॅक्सी थांबली होती. काका जिन्यातून ओरडत होते, "यल्ला, चल लवकर, विमान थांबणार नाही." काकीनं करवंटीची किल्ली माझ्यापुढे धरली. मला वाटलं, खोलीची देतेय. मी जेसीकडे बोट दाखवलं. काकी म्हणाली, "खोली तिची. तुझं काय? आता तुझा चार्ज कुणाकडे?" मला रडू येत होतं. ती उंबऱ्यात तशीच उभी. खालून हॉर्न वाजला, तरी ती हलली नाही. ती उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही हे मला ठाऊक होतं… "चार्ज मेरा," मी म्हटलं. तिनं किल्ली सोडली आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत उतरली. वळून बघितलं नाही. ताबा दिल्यावर बघायचं नसतं.

निकाल अजून लागायचा आहे. बाबा शुक्रवारी कॅम्पवरून येतात, दारात चपला काढताना विचारतात, "कधी गो?" मी सांगते, लागेल. नोकरीसाठी अर्ज करते आहे, दोन ठिकाणी जाऊनही आले. रोज जाताना किल्ली जेसीच्या हातात देते आणि तिचं उत्तर ऐकून मगच जिना उतरते.

परवा कपाटातला बल्ब उडाला. खोलीत अंधार नव्हता, तरी काहीतरी बंद पडल्यासारखं वाटलं. जेसी म्हणाली, राहू दे, एसी आहे ना. मी खाली जाऊन नवीन आणला. लावल्यावर कपड्यांच्या कडा पुन्हा पिवळ्या झाल्या. खालच्या कप्प्यात मुलाखतीचे बूट ठेवले आहेत. कोरडे आहेत.