पायात जोर येईपर्यंत

दुखणं थांबवायला कमरेत बधिरतेचं इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांना नीट पाहून घरी सोडायचं, हे काम सिस्टर एकोणीस वर्षं करत होत्या. रुग्ण पाठीमागे त्यांना 'थांबा सिस्टर' म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं. फार पूर्वी एक बाई "नवरा खाली उभा आहे" म्हणाल्या आणि सिस्टरांनी विश्वास ठेवला. खाली कुणीच नव्हतं. बाई जिन्यात कोसळल्या, खुबा मोडला. सिस्टरांना कुणी बोल लावला नाही. त्यांनीच तो स्वतःला लावून घेतला.

त्या दुपारी खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त ट्रकचालक होते. रक्तदाब ठीक, दुखणंही उतरलेलं.

"सोडा आता, सिस्टर. मुलगी खाली गाडीत बसलीय."

"मग तिला वर बोलवा."

"तिचे गुडघे दुखतात हो."

"तुमच्या मुलीचे?"

सिस्टरांनी आजोबांना खाटेच्या कडेला बसवलं, पाच मिनिटं जाऊ दिली, मग काखेत हात घालून उभं केलं. उजवा पाय गुडघ्यात दुमडला. सगळा भार सिस्टरांच्या खांद्यावर आला आणि सदऱ्याच्या खिशातली गाडीची किल्ली खणकन फरशीवर पडली.

"हाच पाय ब्रेकवर ठेवणार होतात?"

"चाळीस वर्षं ट्रक चालवला. एक ओरखडा नाही." मग मान खाली घालून म्हणाले, "पोरगी तीन वर्षं बोलत नाही. माझंच चुकलं. कोणत्या तोंडानं बोलावू?"

"बोलायचं मी बघते. नंबर सांगा."

मुलगी दोन तासांनी आली. बापाकडे तिनं पाहिलंही नाही. सिस्टरांनी तिला बजावलं: यांनी आज गाडी चालवायची नाही, जिना एकट्यानं चढायचा नाही, बधिर पायाला शेक द्यायचा नाही. ताप आला, लघवी अडली, पाय आणखी लुळा पडला तर तडक घेऊन या.

"आता तुम्ही मला सांगा."

मुलगी घडाघडा म्हणू लागली. 'पाय लुळा पडला तर'पाशी थांबली. तेव्हा कुठे तिनं वडिलांकडे नीट पाहिलं.

"किती वाळलात," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी पायात जोर आला, तेव्हा सिस्टरांनी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन केला.

"बरे आहेत. माझ्याकडेच ठेवलंय," मुलगी म्हणाली. "माझ्याशी बोलणं अजून जेमतेमच. पण सकाळपासून माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवतायत."