ओढ्याकडचा अर्धा

रोज सकाळी कॉफीच्या आधी आर्डिथ कोल्टरमन कुंपणाच्या वरच्या तारेला बोटाने टिचकी मारायची. तार ताठ असली की बारीक झणझणायची. सैल असली तर नुसती हलायची. मग खिशातली पक्कड बाहेर निघायची.

नेब्रास्कातल्या त्या माळावर नगरपालिका नव्हती. कुंपण किती उंच, कशाचं, कुणी विचारत नसे. रीत एकच: दोन शेजाऱ्यांनी सामाईक कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभं राहायचं आणि आपल्या उजव्या हाताचा अर्धा भाग सांभाळायचा. आर्डिथच्या उजव्या हाताला ओढा होता. दर वसंतात पाणी चढलं की खांबांसकट तारा वाहून जात. चाळीस वर्षं तिने त्या पुन्हा उभ्या केल्या. आधी नवऱ्याबरोबर, मग एकटीने.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हात थकले. मे महिन्यात तिच्या अकरा गायी ओढ्यातून शेजारच्या कोबीत शिरल्या, तिथून रस्त्यावर.

"आई, आणखी एकदा सुटल्या की मी त्या विकणार," मुलाने फोनवर बजावलं.

शेजारची जमीन ग्रेडी नावाच्या मास्तराने नुकतीच घेतली होती. मालक नवा, म्हणून वाटणीही नव्याने. दोघे मध्यावर भेटले.

"गायी तुमच्या, मग कुंपण माझं कसं?" ग्रेडीने विचारलं.

"तुझा कोबी कुणी खाल्ला?"

"तुमच्या गायींनी."

"मग कुंपण कुणाला हवंय?"

ग्रेडी हसला. त्याने चिखलातल्या तारांकडे पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या बोटांकडे.

"आर्डिथबाई, आपापल्याच जमिनीवर उभं राहायचं, असं कुठे ठरलंय?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

तो तारांमधून वाकून तिच्या बाजूला आला. "आता तुम्ही तिकडे जा."

"या वयात तारेखालून? वेडा आहेस." ती फाटकातून वळसा घालून गेली आणि त्याच्या गवतात उभी राहिली. आता तिच्या उजव्या हाताला कोरडा, सपाट माळ होता, आणि ओढा त्याच्या.

"ही लबाडी आहे, पोरा."

"मास्तर आहे मी. प्रश्न नीट वाचतो."

तो सगळा उन्हाळा ती पालथ्या बादलीवर बसून त्याला ओढ्यातलं काम शिकवत राहिली. "जोर लाव! फळा पुसतोयस का?"

गायी राहिल्या. आर्डिथ आणखी चार वर्षं जगली, त्यांच्यासकट. त्यातल्या शेवटच्या ऑक्टोबरात एका दुपारी ग्रेडी तिच्याकडून परत निघाला, तेव्हा ती ओसरीवरून ओरडली,

"फाटक नीट लाव रे, ती काळी गाय बघतेय!"