चाळीस एमबीत बसलेलं लग्न

आमच्या घरात सुनेला व्हिडिओ एडिटिंग शिकवतात ते तिच्याच लग्नावर. नेरमध्ये सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकाचं लग्न बिघडलं तर पंचाईत, घरचं बिघडलं तर कोण बोलणार, हा त्यांचा हिशेब. मोठ्या जावेनंही असाच हात बसवला होता. मग तिला जुळं झालं आणि ती त्यातून सुटली. तिच्या जागी मी आले. अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती आणि मी संगणकापुढे बसून माझ्याच बिदाईवर गुलाबाच्या पाकळ्या पाडत होते.

या पाकळ्या तयार मिळतात. मूळ चित्रावर त्यांची पट्टी टाकली की वरून भुरुभुरु पडत राहतात. दुकानाचा नियम असा की नवरी हसत नसेल तिथं पाकळ्या. तोंड झाकलं जातं आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय काम केलं. आता मे महिन्यात, उपाशीपोटी, पाच किलोच्या शालूत कोणती नवरी हसते? त्यामुळे आमच्याकडचं निम्मं लग्न पाकळ्यांखालीच जातं.

माझी बसायची जागा दुकानाच्या मागच्या अंगाला, पासपोर्ट फोटोच्या निळ्या पडद्याच्या पलीकडे. बाहेर यायला मला कुणी बंदी घातलेली नाही. फक्त मी बाहेर आले की सासूबाई विचारतात, "काही पाहिजे होतं काय?" मला काही पाहिजे नसतं, म्हणून मी परत आत जाते. अशी कितीतरी वर्षं गेली. घरातले सगळे चांगले आहेत, कुणी वर आवाज करून बोलत नाही, त्यामुळे तक्रार तरी कुणाची करायची?

अशात नागपूरच्या एका कंपनीची जाहिरात मोबाइलवर दिसली. शाळेच्या मुलांसाठी व्हिडिओ करणारे लोक, त्यांना एडिटर हवे होते, ऑफिसात येऊन काम करणारे. मला ती नोकरी हवी होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला तिथं जायचं होतं. आठवडाभर तिथं एखाद्या खोलीत राहायचं, शनिवारी एसटीनं घरी यायचं. शेजारच्या टेबलावर हेच काम करणारं कुणीतरी असावं, ज्याला विचारता येईल की बाई, तुझंही इथं अडकतं का? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "भर ना अर्ज. तिथं हजार लोकं भरत असतीन." निवड होणार नाही या भरवशावर मिळालेली ती परवानगी होती. मी ती तशीच उचलली.

त्यांच्या अटी साध्या होत्या. स्वतः केलेला तीन मिनिटांचा नमुना, सिनेमाचं गाणं नको, फाइल चाळीस एमबीच्या आत. गिऱ्हाइकाचं लग्न बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं नवऱ्यानं बजावलं, आणि ते बरोबरच होतं. मग उरलं कोणतं? माझंच.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी नवरा राजूरला लग्नाच्या शूटिंगला गेला होता. मी बिदाईची तीन मिनिटं कापली आणि नेहमीसारखी एक्स्पोर्ट केली. फाइल झाली साडेचारशे एमबीची. आमच्या दुकानात लहान फाइल कुणी मागतच नाही. गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्ह भरून हवा असतो. रिकामी जागा दिसली तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून एक्स्पोर्टची सेटिंग मी कधी बदललीच नव्हती. आता एकेक खाना उघडून पाहू लागले. चित्राचा आकार कमी केला. सेकंदाला पन्नास चित्रं होती, ती पंचवीसवर आणली. तरी घोडं अडलेलंच. मग बिटरेट उतरवला, म्हणजे एका सेकंदासाठी किती डेटा खर्चायचा ते. फाइल चाळीसच्या आत आली, पण चेहऱ्यांचे ठोकळे झाले. याडीचं, म्हणजे माझ्या आईचं, नाक कुठं आणि गाल कुठं कळेना. बिटरेट थोडा वाढवला की फाइल पुन्हा हद्दीबाहेर. दोनदा लाइट गेली. प्रत्येक एक्स्पोर्टला वरणाला उकळी यायला लागावा तेवढा वेळ जायचा, आणि तेवढा वेळ मी मनात नागपूरच्या एसटीत बसायचे आणि उतरायचे.

दुपारी लक्षात आलं की सगळीकडेच ठोकळे नाहीत. जिथं पाकळ्या नाहीत तिथं त्याच सेटिंगवर चित्र स्वच्छ आहे. चित्रातलं जे हलत नाही ते संगणक पुन्हा पुन्हा लिहीत नाही, बदलेल तेवढंच लिहितो. आणि पाकळ्या तर चित्रभर क्षणाक्षणाला हलतात. सगळा डेटा त्याच खात होत्या, माणसांच्या वाट्याला उरतच नव्हता. मी पाकळ्यांची पट्टी काढून टाकली. अटीप्रमाणे सिनेमाचं गाणंही काढलं, खालचा मूळ आवाज उघडा केला, आणि पुन्हा एक्स्पोर्ट करून पाहायला बसले.

आमच्यात नवरी निघताना आईच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. शब्द ठरलेले नसतात, सुचेल ते गायचं. सगळ्याच पोरी गातात, म्हणून मीही रीत म्हणून गायले, असं मी आजवर धरून चालले होते. त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर, मांडवाच्या खांबाला टेकून, बी.ए. झालेली मी आईला म्हणत होते की मला ठेवून घे, मी पाणी भरीन, कापूस वेचीन, तुला जड होणार नाही. त्यात रीत कुठंच नव्हती. मी खरोखर विचारत होते, आणि याडी माझ्या डोक्यावर हात फिरवत दुसरीकडे पाहत होती. मागे नवरा उभा होता. तो कॅमेरावाल्याला हातानं खुणावत होता, डावीकडून घे, उजेड तिकडे आहे.

मी खूप रडले. त्या मुलीची दयाही आली आणि तिचा रागही आला.

संध्याकाळच्या आत नवरा परतला आणि माझ्या मागे उभा राहून त्यानं तीनही मिनिटं पाहिली. "एवढी रडलती तू?" तो म्हणाला. "मले तवा दिसलंच नाही." मग म्हणाला, "थोड्या पाकळ्या टाक. लोकं काय म्हनतीन?"

"टाकल्या का चेहरे फुटतात," मी म्हटलं. "चाळीसमध्ये बसत नाही."

त्याचा विश्वास बसेना. त्यानं स्वतः पाकळ्या टाकून एक्स्पोर्ट केलं, ठोकळे पाहिले, बिटरेट वरखाली करून पाहिला. "राहू दे मंग," म्हणाला. मला हवं म्हणून त्यानं ऐकलं नसतं, बिटरेटसाठी ऐकलं. फाइल गेली.

पुढच्या आठवड्यात फोन आला तो दुकानाच्या नंबरवर, म्हणून नवऱ्यानं घेतला आणि स्पीकरवर टाकला. नागपूरच्या बाई म्हणाल्या, काम आवडलं, बाकी सगळ्यांच्या नमुन्यांत नुसती चमकधमक होती, कधीपासून येता? मी तोंड उघडलं तोवर नवरा बोलून मोकळा झाला होता. "मॅडम, ती घरूनच करन. आपल्याकडं कॉम्प्युटर, नेट, सारं आहे." बाई म्हणाल्या, ऑफिसात यायची अट होती खरी, पण चालेल की.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"मले तिथं जायचं होतं," मी म्हटलं.

"काहून?" तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "आख्खी बिदाई चाळीस एमबीत बसवून नागपूरले धाडली ना तू? आता सारंच असं जाते. मंग मानसानं कायले जावं?"

तो भांडला असता तर मी भांडले असते. पण तो माझ्यासाठी मनापासून खूश होता, पेढे आणायला निघालाही होता, आणि मला त्याच्या त्या चांगुलपणाचाच संताप आला. लग्न चाळीस एमबीत बसवायला इतकं मन लावून शिकले, तेच माझ्या आड आलं होतं. सोमवारपासून मी सकाळी नागपूरचं काम करते आणि दुपारी लग्नं.